रिव्हर प्रिन्सेस: कांदोळीत रुतलेलं जहाज आणि ते कापणारे कामगार

६ जून २००० रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर उठलेल्या वादळी वाऱ्यात ‘एमव्ही रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज गोव्यातल्या कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्यालगत येऊन वाळूत रुतलं. सुमारे २४० मीटर लांबीचं हे जहाज गोव्यातल्याच एका खाण उद्योगसमूहाच्या मालकीचं होतं. शॅकमध्ये बसलेल्या माणसाला त्याच्यावरचा गंज दिसावा इतकं ते किनाऱ्याजवळ होतं. एका पावसाळ्याचा प्रश्न म्हणून सुरू झालेली ही गोष्ट २०१२ पर्यंत चालली. जहाज ओढून नेता आलं नाही, तरंगवता आलं नाही, आणि शेवटी जागच्या जागी कापून तुकड्यातुकड्यांनी काढावं लागलं.

गोव्यात या जहाजावर भरपूर बोललं गेलं. विधानसभेत प्रश्न आले, न्यायालयात याचिका गेल्या, निविदा निघाल्या आणि रद्द झाल्या. त्या सगळ्या चर्चेचा रोख किनाऱ्याची धूप, पर्यटनाची बदनामी आणि कंत्राटाचे पैसे यांवर होता. हे सगळं महत्त्वाचं होतंच. पण जे जहाज शेवटी कापूनच काढायचं होतं, ते कापणारा माणूस कोण, त्याच्या छातीत काय जाणार, त्याच्या पायाखालचा पत्रा किती उरलेला असणार, हे प्रश्न चर्चेच्या कडेलाच राहिले. कांदोळीत अखेर झालं ते जहाजतोडणीचं काम होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ज्या कामाची गणना जगातल्या सर्वांत धोकादायक कामांत करते, ते काम इथं यार्डाऐवजी उघड्या समुद्रात झालं. म्हणून हे प्रकरण मी त्या बाजूनं मांडतो आहे. बारा वर्षांच्या उशिराचं व्याज कामगाराच्या अंगावर आणि समुद्राच्या तळावर चढलं, असं माझं ठाम मत आहे.

जागेचा दोष

जहाजतोडणी म्हटलं की आपल्याकडे गुजरातमधलं अलंग आणि मुंबईचा दारूखाना ही नावं येतात. अलंगला हा उद्योग १९८३ साली सुरू झाला. तो तिथंच का, याचं उत्तर भरती-ओहोटीत आहे. खंभातच्या आखातात भरती आणि ओहोटीच्या पातळीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. मोठ्या उधाणाला जहाज वेगानं किनाऱ्यावर चढवायचं; पाणी ओसरलं की ते चिखलात उघडं पडतं आणि कामगार चालत त्याच्यापर्यंत जातात. या पद्धतीवर जगभरातून टीका होते आणि ती योग्यच आहे, कारण तेल आणि रंगाचे पापुद्रे थेट त्या चिखलात मुरतात. तरीही तिथं कापलेला पत्रा जमिनीवर पडतो, क्रेन जवळ आणता येते, आणि जखमी माणसाला उचलून गाडीपर्यंत नेता येतं.

गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशीसुद्धा हा फरक दोन-सव्वादोन मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. म्हणजे कांदोळीचं जहाज अमावास्येच्या ओहोटीलाही कोरडं पडणार नव्हतं. चारही बाजूंना लाटा आणि खाली सरकती वाळू. अशा जागी कामगाराला होडीतून जावं लागतं, सिलिंडर आणि पाइप समुद्रातूनच वर चढवावे लागतात, आणि कापलेला प्रत्येक तुकडा क्रेनच्या दोरावर हेलकावे खात बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नौकेवर, उतरवावा लागतो. तुकडा निसटला की तो समुद्राचा झाला. कटरच्या टोकाकडून उडणारा लोखंडाचा रस, रंगाची राख, टाकीच्या तळाचा गाळ, यातलं काहीही अडवायला खाली काँक्रीटची फरशी नसते. जी फरशी नसल्याबद्दल आपण अलंगला दोष देतो, ती इथं घालणंच अशक्य होतं.

दुसरी अडचण हंगामाची. जून ते सप्टेंबर कांदोळीच्या समुद्रात असं काम होऊच शकत नाही. उरतो ऑक्टोबर ते मे. नेमका तोच पर्यटनाचा हंगाम. पाहुणे किनाऱ्यावर असताना समोर गॅस कटर पेटलेले कुणालाच नको असतात, त्यामुळे ‘लवकर आटपा’ हा दबाव वरून खालपर्यंत येतो. सुरक्षेच्या दृष्टीनं याहून वाईट वेळापत्रक शोधूनही सापडणार नाही. टाकीतली हवा तपासणं, गॅस निघून जाईपर्यंत थांबणं, तुकड्याला आधी आधार देऊन मग कापणं, या सगळ्याला वेळच लागतो, आणि घाई झाली की पहिल्यांदा हाच वेळ वाचवला जातो.

बारा पावसाळे

जहाज रुतल्यानंतर किनाऱ्याचं रूप बदललं. लाटांच्या वाटेत एवढी मोठी भिंत आडवी बसल्यावर तिच्या आडोशाला वाळू साचते आणि शेजारचा किनारा खचतो. सिकेरीच्या बाजूची धूप लोकांनी डोळ्यांनी पाहिली. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला. सरकारनं २००१ चा पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा आधाराला घेऊन जहाज ताब्यात घेतलं आणि पुढचा कारभार पर्यटन खात्याकडे राहिला. मला या प्रकरणातली सर्वांत निर्णायक घटना हीच वाटते. फाइल ज्या खात्यात जाते त्या खात्याचे प्रश्न त्या फाइलला पडतात. पर्यटन खात्याच्या दृष्टीनं ते जहाज किनाऱ्याला लागलेला डाग होतं. त्याच्या पोटात काय भरलंय आणि ते उघडणाऱ्याचं काय होईल, हे विचारण्याची सवय आणि यंत्रणा कारखाने निरीक्षकांकडे असते, प्रदूषण मंडळाकडे असते. पर्यटन संचालनालयाकडे ती असावी अशी अपेक्षाही करता येत नाही.

आणि याच बारा वर्षांत जहाजतोडणीविषयीचं देशाचं आणि जगाचं ज्ञान झपाट्यानं वाढत होतं. ऑक्टोबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धोकादायक कचऱ्याच्या खटल्यात जहाजतोडणीसाठी निर्देश दिले: जहाज तोडणीला येण्याआधी त्यातल्या घातक पदार्थांची यादी व्हावी आणि ते शक्य तितके काढून घेतले जावेत. फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सला आपली ‘क्लेमांसो’ ही जुनी विमानवाहू युद्धनौका अलंगच्या वाटेवरून माघारी बोलवावी लागली, ती अ‍ॅस्बेस्टॉस या उष्णतारोधक तंतुमय खनिजावरून उठलेल्या वादामुळे. त्याच वर्षी केंद्राच्या तांत्रिक समितीनं अलंगच्या कामगारांचा अहवाल दिला. मे २००९ मध्ये सुरक्षित जहाजतोडणीसाठीचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार संमत झाला. या प्रत्येक टप्प्यावर रिव्हर प्रिन्सेस कांदोळीतच होतं. यातलं बरंच काही आपल्या दारातल्या जहाजाला लागू करता आलं असतं.

त्या २००६ च्या अहवालातले दोन आकडे प्रत्येक निविदेच्या पहिल्या पानावर असायला हवे होते. जहाजतोडणीत दर हजार कामगारांमागे वर्षाला सरासरी २ प्राणघातक अपघात. त्याच काळात देशातल्या खाणकामात हे प्रमाण हजारी ०.३४. गोव्याला खाणींचा धोका नवा नाही, त्यामुळे ही तुलना इथं नीट कळावी. दुसरा आकडा छातीचा. अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ९४ कामगारांच्या क्ष-किरण तपासणीत १५ जणांच्या छातीत अ‍ॅस्बेस्टोसिसकडे, म्हणजे या तंतूंनी फुफ्फुस कडक होण्याच्या आजाराकडे, बोट दाखवणाऱ्या रेषा दिसल्या. ही तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेची.

उशिरानं जहाजाचं काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण कामगाराचा धोका तिथंच वाढतो. नुकतंच रुतलेलं जहाज आणि बारा पावसाळे खाल्लेलं जहाज हे तोडणीच्या दृष्टीनं वेगळे प्राणी आहेत. खाऱ्या पाण्यात पत्रा झिजतो, पण सगळीकडे सारखा झिजत नाही. पाण्याची रेघ जिथं वरखाली होते तिथं जास्त, सांध्यांच्या जोडांजवळ जास्त. वरून अखंड दिसणारा डेक खालून चाळणी झालेला असतो. जिने आणि कठडे आधी जातात, म्हणजे चढायची आणि पळायची वाट आधी जाते. वाळूत असमान बसलेल्या सांगाड्यात ताण अडकून राहतो. कुठला पत्रा कापल्यावर कुठला भाग उसळेल याचा अंदाज अनुभवी मुकादमालाही चुकू शकतो.

याहून दबा धरून बसलेला धोका बंद टाक्यांतला. लोखंड गंजतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन खातं. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या बॅलास्ट टाकीत (जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात त्या टाकीत) कुठलाही विषारी वायू नसला तरी ऑक्सिजन उरलेला नसतो. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की आत उतरायचं नाही, हा सर्वत्र मानला जाणारा नियम. दहाच्या खाली माणूस काही कळायच्या आत कोसळतो. ना वास, ना ठसका. वरचा साथीदार ‘चक्कर आली असेल’ म्हणून धावत खाली उतरतो आणि त्याच्याशेजारी पडतो. बंद जागेतल्या अपघातांत वाचवायला गेलेल्यांचे मृत्यू इतके नेहमीचे आहेत की प्रशिक्षणात पहिलं वाक्य ‘मागे उतरू नका’ हेच असतं. त्यासाठी एक छोटं गॅस मीटर लागतं, बाहेर दोर धरून उभा असलेला माणूस लागतो, आणि ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला अधिकारी लागतो.

पहिल्याच कोरड्या हंगामात, ऑक्टोबर २००० ते मे २००१ दरम्यान, जिने आणि डेक शाबूत असताना, जहाजाची नीट पाहणी करून अ‍ॅस्बेस्टॉस कुठं आहे, तेल कुठं आहे, कुठल्या टाक्या बंद आहेत याचा नकाशा करणं तुलनेनं सोपं होतं. जहाज ओढायचं की कापायचं हा वाद चालू असतानाही ते करता येण्यासारखं होतं. या प्रकरणातून एकच शिकवण घ्यायची असेल तर मी ही घेईन: जहाजाचं भवितव्य ठरायची वाट न पाहता त्याचं पोट आधी तपासून रिकामं करा.

पोटात काय असतं

२००० साली रुतलेलं जहाज म्हणजे जुन्या नियमांखाली बांधलेलं जहाज. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजात नव्यानं अ‍ॅस्बेस्टॉस बसवायला बंदी आली जुलै २००२ पासून, तीही काही सवलती ठेवून. पूर्ण बंदी जानेवारी २०११ पासून. त्याआधीच्या पिढीत इंजिनरूममधले वाफेचे नळ, बॉयलर, गॅस्केट, खोल्यांच्या भिंतींतले फलक, दरवाजे या सगळ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरण्याची सर्रास पद्धत होती. ते न हलवता राहिलं तर फारसं करत नाही. ते ओलं न करता हातोड्यानं फोडलं, खरवडलं, कापलं की त्याचे तंतू उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुफ्फुसात गेले की निघत नाहीत.

रंगाचं वेगळंच. पत्र्याला गंज धरू नये म्हणून जुन्या काळी लावला जाणारा लाल थर म्हणजे रेड लेड, शिशाचा ऑक्साइड. आपण देवाला लावतो तो पारंपरिक शेंदूर रासायनिकदृष्ट्या तोच. पत्र्यावर तो निपचित असतो. पण ऑक्सिजन-एलपीजीची ज्योत दोन हजार अंशांच्या वर जाते आणि शिसं १,७५० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे रंग न खरवडता पत्रा कापला की शिशाचा धूर थेट कटरच्या, म्हणजे कापणाऱ्या कामगाराच्या, नाकासमोर तयार होतो. उपाय साधा आहे: कापायच्या रेघेवरचा रंग आधी हातभर रुंदीनं काढून घ्यायचा. पण त्याला वेळ लागतो आणि मजुरी लागते, आणि कटरला पैसे टनावर मिळत असतील तर तो स्वतःच थांबणार नाही.

जुन्या विजेच्या तारांच्या वेष्टणात आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी ही घातक रसायनं असू शकतात. तांबं मोकळं करायला तारा जाळल्या की त्यातून डायॉक्सिनसारखी विषारी रसायनं निघतात. तळाच्या गाळात तेल असतं. जस्ताचा मुलामा दिलेला भाग कापला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. कामगार त्याला मलेरिया समजतो आणि गोळी घेऊन सकाळी परत कामावर येतो.

कटरचं शरीर

या धंद्यातला कामगार बहुधा उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेला असतो. तो मुकादमाच्या ओळखीनं येतो आणि काम संपलं की पुढच्या कामावर जातो. त्याच्या आजारपणाचा आणि त्याच्या कामाचा संबंध तुटतो तो इथं.

शिशाचंच घ्या. सुरुवात पोटदुखीनं आणि बद्धकोष्ठतेनं होते. मग अशक्तपणा, रक्त कमी, चिडचिड, झोप न लागणं. पुढे मनगटाची ताकद जाते, रक्तदाब चढतो, मूत्रपिंड बिघडतं. यातलं प्रत्येक लक्षण घेऊन तो एखाद्या दवाखान्यात गेला तर त्याला पित्ताच्या आणि लोहाच्या गोळ्या मिळतील. ‘तू काम काय करतोस?’ हा एक प्रश्न डॉक्टरनं विचारला आणि रक्तातलं शिसं तपासायला पाठवलं, तरच निदान होतं. गोव्यातल्या माझ्या डॉक्टर मित्रांना माझी हीच कळकळीची विनंती असते: वास्कोला, कुंडईला, वेर्ण्याला, नदीकाठच्या बार्जच्या वर्कशॉपजवळ दवाखाना असेल तर केसपेपरवर धंद्याचा रकाना रिकामा ठेवू नका. शिशाची विषबाधा आणि अ‍ॅस्बेस्टोसिस हे दोन्ही कायद्यानं कळवणं बंधनकारक असलेले आजार आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरनं ते कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचे असतात. कळवले गेले नाहीत तर कागदावर ते झालेलेच नसतात.

शिसं त्याच्या एकट्यात थांबत नाही. कामाचेच कपडे घालून तो खोलीवर जातो, तिथंच जेवतो, तिथंच ते धुतले जातात. घरात लहान मूल असेल तर त्याच्या मेंदूला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी कमी शिसं पुरतं. म्हणून कामाच्या जागी आंघोळीची सोय आणि कपडे ठेवायला वेगळे कप्पे ही चैन नाही. उघड्या समुद्रातल्या कामावर ही सोय किनाऱ्यावर करावी लागते, आणि कांदोळीसारख्या जागी किनाऱ्यावरची प्रत्येक हात जागा पर्यटनाच्या हिशेबात धरलेली असते.

अ‍ॅस्बेस्टॉसचा घात आणखी लांबचा. अ‍ॅस्बेस्टोसिस दिसायला दहा-वीस वर्षं लागतात, मेसोथेलिओमा हा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनीही येतो. २०१२ साली पंचविशीत असलेला माणूस २०३२ साली पंचेचाळिशीचा असेल. तेव्हा त्याला धाप लागायला लागली तर त्याच्या गावातला डॉक्टर क्षयाचं औषध सुरू करेल. गोव्यातल्या एका किनाऱ्यावर केलेल्या कामाशी ती धाप जोडणारा एकही कागद त्याच्या हातात नसेल.

कायदा काय म्हणत होता

अशा कामाला कायदाच नव्हता, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात उत्पादन प्रक्रियेची जी व्याख्या होती, तिच्यात जहाज बांधणं आणि दुरुस्त करणं यांच्याबरोबर जहाज तोडणं हेही स्पष्ट शब्दांत होतं. त्याच कायद्यातलं ३६ वं कलम बंद जागेत माणूस कसा उतरवायचा ते सांगत होतं. समुद्रात रुतलेला सांगाडा ही कारखान्याची ‘जागा’ ठरते का, यावर वकील वाद घालू शकतील. पण पणजीत आल्तिनोवर कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाचं कार्यालय आहे, आणि त्याच्या छत्राखाली कामगारांच्या सुरक्षेसाठी आणि आरोग्यासाठी वेगळी संस्थाही आहे. निविदेच्या मसुद्यावर या कार्यालयाची सही सक्तीची करायला नव्या कायद्याची गरज नव्हती. मंत्रिमंडळाच्या एका निर्णयानं ते झालं असतं.

कंत्राटाचा हिशेबही कामगाराच्या विरोधात जात होता. एरवी तोडणीवाला जहाजाच्या वजनावर मालकाला पैसे देतो, कारण आतलं लोखंड विकून त्याला नफा होतो. रुतलेल्या जहाजात दरवर्षी लोखंड कमी होत जातं आणि ते काढायचा खर्च वाढत जातो. अशा कामात कंत्राटदाराला नफा राखायचा असेल तर तो कुठं हात आखडेल? क्रेनचं भाडं ठरलेलं, बार्जचं भाडं ठरलेलं, डिझेलचा दर ठरलेला. आखडता येतात ते मास्क, हवा तपासणारा माणूस, वैद्यकीय तपासणी आणि विश्रांतीचा दिवस. म्हणूनच हे खर्च निविदेत वेगळ्या ओळीत, ठरावीक रकमेनं, बोलीबाहेर ठेवायला हवेत, म्हणजे त्यांत काटछाट करून कुणाला काम मिळवता येणार नाही.

स्टील मंत्रालयाची जहाजतोडणी संहिता आली २०१३ साली. रिव्हर प्रिन्सेस त्याआधीच संपलं होतं. भारताचा जहाज पुनर्चक्रण कायदा २०१९ चा, आणि हाँगकाँग करार प्रत्यक्ष लागू झाला २६ जून २०२५ रोजी. आता कराराच्या कक्षेतल्या प्रत्येक जहाजासाठी घातक पदार्थांची यादी आणि स्वतंत्र तोडणी आराखडा लागतो, तोडणी मान्यताप्राप्त यार्डातच व्हायला हवी. ही मोठी प्रगती आहे. पण किनाऱ्यावर रुतलेलं जहाज यार्डापर्यंत जाऊच शकत नाही, आणि नेमकं तेच सर्वांत धोकादायक असतं.

तळ

जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि काळवं चिकटू नयेत म्हणून पूर्वी ट्रायब्युटिलटिन असलेला रंग लावत. अत्यल्प मात्रेतही तो शंख-शिंपल्यांच्या प्रजननात बिघाड करतो. मादी गोगलगाईत नराची इंद्रियं वाढतात. हा रंग नव्यानं लावण्यावर जगभर बंदी आणणारा करार २००१ चा, तो लागू झाला २००८ मध्ये. मुरगाव बंदराच्या गाळात हे रसायन गोव्यातल्याच शास्त्रज्ञांनी मोजलं आहे, आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शंखांत हा बिघाडही नोंदवला आहे. कांदोळीला घासत, गंजत राहिलेल्या बुडाचे पापुद्रे कुठं गेले असतील याला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तिसऱ्या, खुबे, शिणाणे हे सगळे पाणी गाळून जगणारे जीव; पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं, आणि मग ते आपल्या ताटात येतं.

रापणकारांचं नुकसान त्याहून रोकडं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकं धरून ओढायचं लांबलचक जाळं. ते वाळूच्या तळावरून घासत येतं. तळात एक जरी धारदार पत्रा राहिला तरी जाळं तिथंच फाटतं. म्हणून पाण्यावर दिसणारा भाग गेला म्हणजे काम संपलं असं मानणं चूक आहे. अशा कामाचा शेवटचा हप्ता सोनार यंत्रानं, म्हणजे ध्वनिलहरींनी, तळाची पाहणी झाल्यावर, आणि तिथं रापण ओढणाऱ्यांच्या समोर ती पाहणी ठेवल्यावरच दिला जावा.

कांदोळीनंतर

ऑक्टोबर २०१९ मध्ये खलाशी नसलेलं, नाफ्था भरलेलं ‘नू शी नलिनी’ हे जहाज मुरगावहून वाहत येऊन दोनापावलाजवळच्या खडकांवर बसलं. आत दोन हजार टनांहून जास्त नाफ्था होता, म्हणजे ठिणगीला टेकलेलं पेट्रोलसारखं द्रव. इथं मात्र पोट आधी रिकामं करण्याला प्राधान्य मिळालं, आणि तेच बरोबर होतं. नैरोबीचा अवशेष हटवण्याचा करार २०१५ पासून लागू आहे. तीनशे टनांवरच्या जहाजाला अवशेष काढण्याच्या खर्चाचा विमा त्यानं सक्तीचा केला. पैशाचा प्रश्न त्यामुळे पुष्कळ सुटतो. कामगाराच्या आरोग्याचा सुटत नाही. विमा जहाजाचा असतो.

मला जास्त काळजी आहे ती बार्जची. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि मांडवी-झुआरीतले अनेक खनिज बार्ज भंगारात निघाले. देशाच्या आतच आयुष्यभर फिरणाऱ्या अशा नौकांना हाँगकाँग करार लागू होत नाही. बार्ज लहान असतो, नदीकाठी सहज कापता येतो, बातमी होत नाही. पण त्याच्यावरचा रंग तसाच, त्याची बंद टाकी तशीच, आणि कापणारा माणूसही तोच. मासे, तिसऱ्या आणि खाजन शेती (खाऱ्या पाण्याकाठी बांध घालून राखलेली शेती) यांच्या अगदी काठाला हे काम चालतं. नदीकाठच्या प्रत्येक बार्ज वर्कशॉपला तोडणीसाठी वेगळी परवानगी असावी आणि ती देताना गॅस मीटर, पक्की फरशी आणि कामगारांच्या रक्ततपासणीची नोंद पाहिली जावी. एवढं गोव्याला स्वतःच्या अधिकारात करता येईल.

राहिलेलं काम

रिव्हर प्रिन्सेसचं एक काम अजून करता येण्यासारखं आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं की प्रत्येकाची आरोग्यनोंद काम सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर जपायची. दुसरीकडे, ते जहाज कापलं जात होतं तेव्हा १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा लागू होता. बाहेरच्या राज्यांतले पाच किंवा अधिक कामगार आणले तर कंत्राटदारानं त्यांचा तपशील पंधरा दिवसांत दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना द्यायचा, आणि प्रत्येकाला फोटोसह पासबुक द्यायचं, असं तो सांगत होता. शिवाय हजेरीपट, भविष्य निधीची चलनं, विम्याचे कागद, किनाऱ्यावरून होडीनं जाणाऱ्यांच्या नोंदी. सरकारच कामाचं मालक होतं, त्यामुळे हे मागण्याचा अधिकार सरकारकडेच आहे.

कामगार खात्यानं हे कागद एकत्र करावेत, नावांची यादी तयार करावी, आणि त्यांच्या मूळ जिल्ह्यांतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना हिंदीत पत्र पाठवावं: या माणसानं अमुक साली गोव्यात जुनं जहाज कापलं आहे, त्याच्या छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी करा, शिशासाठी रक्त तपासा, अहवाल आम्हाला कळवा, खर्च गोवा सरकार देईल.

अशा कामावर माणसं काही हजारांत नसतात. यादी एका कारकुनाच्या टेबलावर मावेल एवढी असणार, आणि त्यातला जो पंचविशीतला होता त्याच्यासाठी २०३२ च्या आत ती व्हायला हवी.